‘हॉटेल’ची महागाई म्हणजे नेमकी कशाची?

सोलापूरच्या एका वाचकाने दोन शंका विचारल्या आहेत. किरकोळ महागाईच्या बातमीत त्यांनी ‘उपाहारगृहे आणि हॉटेल्स’ असा गट वाचला. आपल्या बोलण्यात दोन्हींचा अर्थ एकच असताना शब्द दोन का, ही पहिली. ‘उपाहारगृह’ बरोबर, की पाट्यांवर दिसणारे ‘उपहारगृह’, ही दुसरी.

पहिली शंका अगदी रास्त आहे. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे आधी खाण्याचे ठिकाण. नव्या पेठेत कोणी ‘चला, हॉटेलात चहा घेऊ’ म्हणाले, तर तेथे खाटा असतील असे कोणाच्याही मनात येत नाही. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो, आणि दोन्ही सोयी असल्या की ‘लॉजिंग-बोर्डिंग’ अशी पाटी लागते. हॉटेल शब्दाचा अर्थ आपल्याकडे क्रियापद ठरवते: हॉटेलात ‘जेवलो’ म्हटले की एक, ‘उतरलो’ म्हटले की दुसरा.

बातमीतील नाव आले आहे ते संयुक्त राष्ट्रांच्या उपभोग खर्चाच्या वर्गीकरणातून. त्याच्या १९९९ च्या आवृत्तीत अकरावा विभाग ‘रेस्टॉरंट्स अँड हॉटेल्स’ असा होता, आणि त्यातील ‘हॉटेल्स’ म्हणजे केवळ मुक्कामाची सेवा. २०१८ च्या सुधारित आवृत्तीत ‘हॉटेल्स’च्या जागी ‘अकोमोडेशन सर्व्हिसेस’ आले. किरकोळ महागाई ज्यावरून मोजतात त्या आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या, २०१२ हे पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या भावांशी तुलना होते ते वर्ष) असलेल्या मालिकेत तयार जेवण व नाश्ता यांची गणना ‘अन्न व पेये’ या गटात होत असे. २०२४ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत या सेवांचा वेगळा विभाग झाला आहे. म्हणून मराठीत ‘उपाहारगृहे व निवास सेवा’ असे लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘निवास’ शब्दालाही एक मर्यादा सांभाळावी लागते. तुळजापूर किंवा अक्कलकोटला निघालेले कुटुंब सोलापुरात एक रात्र थांबले, तर त्यांच्या खोलीचे भाडे या विभागात येते. पण सोलापुरातच राहणाऱ्या कामगाराचे घरभाडे येथे येत नाही, ते घरांच्या गटात मोजले जाते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते. उप + आहार = उपाहार, म्हणजे हलके खाणे, फराळ. ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. ‘उपहारगृह’ लिहिले, तर ते भेटवस्तूंचे दुकान ठरेल.

या निमित्ताने एका जुन्या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. शिवणावळ, दळणावळ, धुणावळ, घडणावळ हे सारे शब्द कामाचा मोबदला सांगतात. ‘खाणावळ’ (आज रूढ लेखन ‘खानावळ’) या शब्दाची घडणही तीच आहे. म्हणजे जेथे आपण जेवतो त्या जागेच्या नावातच जेवणाच्या पैशांचा हिशेब आहे. निर्देशांकासाठी नोंद होते ती नेमक्या याच मोबदल्याची. गव्हाचा भाव नोंदवणे त्या मानाने सोपे, कारण किलो हा किलोच असतो. थाळीत मात्र भाकरी, भाजी, शेंगा चटणी यांबरोबर स्वयंपाक्याची मजुरी, गॅस, जागेचे भाडे आणि गिऱ्हाईक देते तो करही असतो. त्यामुळे दर वेळी तेच ठिकाण, तोच पदार्थ आणि तेवढेच माप धरून भाव घ्यावा लागतो. थाळीचा दर न बदलता तीन भाकऱ्यांच्या दोन झाल्या, तर ती भाववाढच होय. उलट, दर वाढून थाळीत एक गोड पदार्थ कायमचा वाढला, तर वाढलेली सारी रक्कम भाववाढ ठरत नाही.

औद्योगिक कामगारांसाठी जो वेगळा ग्राहक किंमत निर्देशांक काढला जातो, त्याच्या केंद्रांमध्ये सोलापूर आहे. गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या या शहरात महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवणारा माणूस ‘यंदा खानावळ वाढली’ असे म्हणतो, तेव्हा तो खानावळींची संख्या वाढली असे सांगत नसतो. शब्दाचा मूळ अर्थ त्याच्या तोंडी अजून शाबूत आहे.