शूगेझ, ड्रीम पॉप असले धूसर इंडी बँड हेडफोनवर खूप ऐकले आहेत. छोट्या हॉलमध्ये प्रत्यक्ष ऐकायला मजा येते का, की नुसता गोंगाट असतो? उभं कुठे राहावं?

मजा येते, जरूर जा. फक्त हेडफोनवर ऐकलंय तेच जसंच्या तसं ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

माझी पहिली वेळ चांगलीच फसली होती. दीडदोनशे माणसांचा हॉल, आवडता बँड. तासभर आधी पोचलो आणि स्टेजच्या कडेला पोट टेकवून उभा राहिलो. अख्ख्या कार्यक्रमात गायिकेचा आवाज जवळजवळ ऐकूच आला नाही. ओठ हलताना दिसत होते, बस्स. बाहेर आल्यावर मित्र म्हणतो, "काय गायली रे!" तो मागे, साउंडवाल्याच्या शेजारी उभा होता. मला वाटलं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. लहान हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेट्या) स्टेजवरूनच थेट कानावर येतात, त्यांना मोठ्या स्पीकरची फारशी गरज नसते. गाण्याचा आवाज मात्र त्या स्पीकरमधूनच येतो, आणि ते स्टेजच्या दोन्ही टोकांना, तोंड मागच्या गर्दीकडे करून लावलेले असतात. म्हणजे मधोमध पहिल्या रांगेत उभा असलेला माणूस अ‍ॅम्पच्या तोंडी आणि स्पीकरच्या माऱ्याबाहेर. त्यात या संगीतात गाणाऱ्याचा आवाज मुळातच गिटारमध्ये अर्धा बुडवलेला असतो. उरलेला अर्धा मी स्वतःच्या हौसेने घालवला.

आता मी मिक्सरच्या, म्हणजे साउंडवाल्याच्या आवाज जुळवायच्या टेबलाच्या, आसपास उभा राहतो. साउंडवाला स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरूनच सगळं जुळवतो, तेव्हा त्याच्या जवळ राहणं शहाणपणाचं. मिक्सर कोपऱ्यात कोंबलेला असेल तर मात्र त्याचा नाद सोडा. भिंतीला टेकू नका, कोपरा तर नकोच, तिथे बेस नुसता फुगतो. नेहमीच्या चार तारांच्या बेस गिटारचा सगळ्यात खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या लहरीची लांबी ८ मीटरच्या वर जाते. ही लहर लहान खोलीत भिंतींवरून परत येऊन स्वतःलाच भिडते. काही जागी बेस पोटात घुमतो, काही जागी जवळजवळ गायब. तेव्हा बेसवाल्याला नावं ठेवण्याआधी तीनचार पावलं सरकून बघा.

पहिल्या एकदोन गाण्यांवरून मत बनवू नका. साउंडचेक रिकाम्या हॉलमध्ये झालेला असतो. माणसं भरली की कपडे आणि अंगं वरच्या पट्टीतला बराच आवाज पिऊन टाकतात, आणि साउंडवाल्याला सगळं पुन्हा बसवावं लागतं. शिवाय पेडलमधला (गिटारवाल्याच्या पायाशी असलेल्या इफेक्टच्या डब्यांमधला) रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, आणि खोलीचा स्वतःचा घुमारा एकात एक मिसळले की सुरुवातीला चिखल होतोच. चांगला साउंडवाला तो दोन गाण्यांत निवळवतो. वाईट असला तर शेवटपर्यंत चिखल, त्याला इलाज नाही.

एवढं सांगूनही एखाददुसऱ्या गाण्यापुरतं पुढे जाच. गाणं ऐकायला नाही, पाय बघायला. शूगेझ हे नावच त्यावरून पडलंय: वादक सारखे खाली पेडलकडे बघतात म्हणून ब्रिटिश संगीत पत्रकारांनी १९९० च्या सुमारास टिंगलीत ठेवलेलं. मी एका गिटारवाल्याला बूट काढून नुसत्या मोज्यांवर वाजवताना पाहिलंय. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि त्याच अंगठ्याने तो डिलेचं, म्हणजे सुराचे प्रतिध्वनी काढणाऱ्या पेडलचं, बारीक बटण फिरवत होता. उजवा हात तारांवरून उचललेला, मोकळा लोंबतोय, आणि आवाज तरी वाढतोच आहे. मागे उभं राहून हे कधीच कळलं नसतं. हातांकडेही लक्ष ठेवा. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या शूगेझ बँडचा गिटारवाला केव्हिन शील्ड्स ट्रेमोलोचा दांडा (तारांचा ताण कमीजास्त करणारी गिटारची दांडी) मुठीत धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सूर सतत थोडा वरखाली डुलत राहतो. आपण हेडफोनवर जे 'धुकं' म्हणतो, त्यातलं बरंचसं असं हातानेच केलेलं असतं.

आता गोंगाटाचं. आवाज मोठा असतो, उगाच धीर देत नाही. माय ब्लडी व्हॅलेंटाइनने २००८ मध्ये पुन्हा कार्यक्रम सुरू केले तेव्हा प्रेक्षकांना इअरप्लग वाटले जायचे, आणि शेवटच्या गाण्यात एकाच कॉर्डवर पंधरावीस मिनिटं मारा चालायचा. कामाच्या ठिकाणी आवाज किती सोसावा याची एक अमेरिकन शिफारस आहे: ८५ डेसिबलला ८ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात, आणि छोट्या हॉलमध्ये १०० सहज गाठले जातात. माझ्या कानात एकदा दोन दिवस शिटी वाजत होती. तेव्हापासून पहिल्या गाण्याआधीच प्लग घालतो. फोमचे चालतील, पण ते वरचे सूर जास्त कापतात आणि झांजा गोधडीखालून आल्यासारख्या वाटतात. संगीत ऐकण्यासाठी बनवलेले प्लग सगळ्याच पट्ट्या साधारण सारख्या खाली आणतात.

आणि हो, कोणी नाचत नाही, बँड प्रेक्षकांशी फारसं बोलतही नाही. तो शिष्टपणा समजू नका. गाणं संपलं तरी डिलेची शेपटी विरत असते, तेवढं थांबून मग टाळ्या वाजवा. कोणीतरी आधी ओरडतोच, तो भाग वेगळा.

त्या गायिकेला मी वर्षभराने पुन्हा ऐकलं, या वेळी मिक्सरपाशी उभं राहून. शब्द तेव्हाही कळले नाहीत. पण दोन ओळींच्या मध्ये तिने घेतलेला श्वास ऐकू आला.