मेंढरं आणि कुत्रं दोन्ही नवीन असतील तर

भावा, एकदम पन्नास मेंढरं आणू नको, दहा माद्या आणि एक नर पुरे, वर्षभर त्यांच्यात काढ मग वाढव.

कुत्र्याचं पिल्लू दोन महिन्यांचं असतानाच वाघरीजवळ (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाजवळ) कोकरांच्या वासात वाढव. मोठं आणलेलं कुत्रं खेळ म्हणून मागं धावतं आणि गाभण मेंढी गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:
- आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन मेंढरू झटक्यात मरतं तो रोग) लस पावसाळ्याआधी टोचायची राहते, मग कोवळं गवत खाऊन धडधाकट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं
- मेंढरू कापलं की मुंडी कच्ची कुत्र्याला टाकतात. नको! त्यातूनच कुत्र्याला पट्टकृमी (पोटातले चपटे लांब जंत) होतात, त्याची अंडी चाऱ्यातून मेंढरात जातात आणि मेंढरू मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरत राहतं, माझं एक असंच गेलं. कुत्र्यालाही जंताचं औषध दे, रेबीजची लस तर पाहिजेच.

जातीबितीचं नंतर बघू, आधी रोज संध्याकाळी मोजायची सवय लाव.