व्हॉइड पॉइंटरमध्ये एक मिळवला तर?

प्रश्न : लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने विनातक्रार स्वीकारलेला माझा सी प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टचा कंपायलर नाकारतो. व्हॉइड पॉइंटरमध्ये संख्या मिळवलेल्या प्रत्येक ओळीवर ‘आकार अज्ञात’ अशी चूक येते. हा कंपायलर सदोष आहे का?
– एक वाचक

उत्तर : नाही, कंपायलरचे म्हणणे बरोबर आहे. पॉइंटर म्हणजे स्मृतीतला पत्ता ठेवणारा चल; व्हॉइड पॉइंटर मात्र त्या पत्त्यावर कोणत्या प्रकारची वस्तू आहे हे सांगत नाही. पॉइंटरमध्ये एक मिळवणे म्हणजे तो ज्या प्रकारच्या वस्तूकडे रोखलेला आहे, त्या प्रकारच्या आकाराइतके पुढे सरकणे. म्हणूनच चार बाइटच्या इंटचा (पूर्णांकाचा) पॉइंटर चार बाइट पुढे जातो. व्हॉइड हा प्रकार मात्र सी भाषेच्या प्रमाणकानुसार कायमचा अपूर्ण आहे, त्याला आकारच नाही, त्यामुळे किती सरकायचे याला उत्तर उरत नाही. जीसीसी स्वतःच्या अधिकारात हा आकार एक बाइट धरते. ही सोय त्या कंपायलरची आहे, सी भाषेची नव्हे.

उपाय सोपा आहे : बेरजेपूर्वी पॉइंटरचे अनसाइन्ड कॅर पॉइंटरमध्ये रूपांतर करावे, कारण कॅरचा आकार व्याख्येनेच एक बाइट आहे.

अनेकांची फसगत पुढच्या मुद्द्यावर होते. जीसीसीला केवळ सी१७ ही प्रमाणकाची आवृत्ती निवडण्याचा पर्याय दिला, तरी प्रमाणकाशी थेट विसंगत नसलेल्या जादा सोयी चालूच राहतात. ‘पेडँटिक-एरर्स’ हा पर्याय जोडल्यावरच ही बेरीज चूक ठरते. हा पर्याय पहिल्या दिवसापासून लावावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. शून्य लांबीचे (एकही घटक नसलेले) अ‍ॅरेही त्यात पकडले जातात. त्यांच्या जागी सी९९ या आधीच्या आवृत्तीतला, स्ट्रक्चरच्या (अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या प्रकाराच्या) शेवटी येणारा लांबी न दिलेला अ‍ॅरे वापरता येतो.

घोषणेविना फंक्शन वापरणे मात्र याहून घातक आहे. जुन्या नियमाने असे फंक्शन इंट परत करते असे गृहीत धरले जाई, आणि ते प्रत्यक्षात पॉइंटर परत करत असेल, तर ६४ बिट यंत्रावर पत्त्याचे वरचे ३२ बिट हरवू शकतात. सी९९ ने हा नियम काढून टाकला, तरी जीसीसी कित्येक वर्षे केवळ इशारा देत राहिली; २०२४ च्या १४ व्या आवृत्तीपासून तिने ती चूक ठरवली.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, व्हॉइड पॉइंटरची बेरीज राजरोस आढळते, हेही खरे. पण तिथे जीसीसीच्या या सोयी जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या आहेत. आपला प्रोग्रॅम दोन कंपायलरांवर चालवायचा असल्याने ती मुभा आपल्याला घेता येणार नाही.