कायद्याचे बोला : माजी सैनिक, नोकरी आणि डावलले जाणे

प्रश्न : १९९९ च्या कारगिल युद्धात सुरुंगाच्या स्फोटात माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पुढे माजी सैनिकांच्या कोट्यातून बुलडाणा जिल्ह्यात महसूल सहायक म्हणून लागलो. ज्येष्ठता यादीत वर असूनही अव्वल कारकून पदासाठी मला डावलले. 'फिरतीचं काम आहे, तुम्हाला झेपणार नाही', असे साहेब तोंडी सांगतात. कुठे दाद मागू?

उत्तर : आधी एक कडू गोष्ट. 'माजी सैनिक आहे म्हणून भेदभाव करू नये' असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत तो १९९४ पासून आहे. आपल्याकडे आरक्षण, वयाची सवलत आणि कल्याण योजना आहेत. त्यामुळे 'माजी सैनिकावर अन्याय' अशा मथळ्याचा अर्ज बहुतेक वेळा या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. तुमचा खरा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आहे. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणाने पदोन्नती नाकारता येणार नाही, असे त्याचे कलम २०(३) स्पष्ट म्हणते. अर्जात हे कलम पहिल्याच ओळीत लिहा. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणाला आहे, या कलमाला नाही. कार्यालयात हे दोन्ही सर्रास एकत्र करून सांगतात.

सैन्याच्या मेडिकल बोर्डाचा कागद इथे पुरत नाही. तो पेन्शनसाठी असतो. जिल्हा सामान्य रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) काढून घ्या. दोन्हीकडची टक्केवारी वेगळी आली तर घाबरू नका, मोजण्याचे निकषच वेगळे आहेत.

मग तोंडी कारण कागदावर आणायचे. माहिती अधिकारात पदोन्नती समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, ज्येष्ठता यादी आणि तुमच्या नावापुढचा शेरा यांच्या प्रती मागा. 'मला का डावलले?' असे विचारलेत की 'प्रश्न ही माहिती नव्हे' असे उत्तर येणार, हे धरूनच चाला. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पहिले अपील.

तोवर थांबू नका. दिव्यांग अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असावा लागतो. तुमची आस्थापना जिल्हाधिकारी कार्यालयाची, म्हणून तक्रार तिथे द्या, पोच घ्या आणि नोंदवहीतला क्रमांक मागा. तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. समाधान झाले नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते, आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही. आयुक्तांनी शिफारस केली तर कार्यालयाने त्यावर काय केले ते तीन महिन्यांत कळवायचे असते. पण ती शिफारसच, हुकूम नव्हे.

हुकूम हवा तर राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे नोकरीतले वाद चालवणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ. नुकसान होते ते इथेच. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. वरिष्ठांकडे निवेदन देऊन सहा महिने उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजतात. लोक आयुक्तांच्या तारखांमध्ये गुंततात आणि वर्ष निघून जाते. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. (जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी मात्र या न्यायाधिकरणात जाऊ नये, त्यांच्यासाठी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.) सैन्यातली पेन्शन किंवा दिव्यांगत्वाची टक्केवारी यांचा वाद असेल तर तो सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा विषय, आणि महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या हंगामात जिनिंगवर रखवालदारी करतो. बारा तासांची ड्युटी. 'तुम्हाला मिलिटरीची पेन्शन आहे ना' म्हणून ठेकेदार बाकीच्यांपेक्षा कमी पैसे देतो. मी कागदावर सही करून बसलो आहे.

उत्तर : सही केली तरी हक्क जात नाही. पेन्शन ही तुमच्या मागच्या नोकरीची कमाई. किमान वेतनातून ती वजा करण्याची तरतूद कुठेही नाही. किमान वेतनापेक्षा कमी पगाराचा करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि कामाच्या ठरलेल्या तासांवरच्या वेळेला दुप्पट दर द्यावा लागतो. मात्र बाकीच्यांना किमान वेतनाहून जास्त आणि तुम्हाला नेमके किमान मिळत असेल, तर बाजू बरीच कमकुवत होते. म्हणून आधी आकडे पाहा.

अर्ज कामगार कार्यालयात द्यायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार तीन वर्षांपर्यंतचा फरक मागता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते. तरी हजेरीचे फोटो, बँक पासबुक आणि ड्युटी बदलल्याचे मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा. ठेकेदार हंगाम संपला की गायब होतो, तेव्हा अर्जात जिनिंगच्या मालकालाही पक्षकार करा. ठेकेदाराने बुडवलेल्या वेतनाची जबाबदारी जिनिंगच्या मालकावर येते. आस्थापनेत वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफचेही विचारा. सैन्याची पेन्शन आहे म्हणून पीएफ टाळता येत नाही.

प्रश्न : ग्रामसेवक म्हणतात, घरपट्टीची माफी फक्त शौर्यपदकवाल्यांना. खरे का?

उत्तर : पूर्वी तसे होते. २०२० च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेनंतर ही माफी राज्यातल्या सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना आहे, एकाच घरासाठी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज बुक आणि घराचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीचा उतारा) जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्या. तोंडी नकार घेऊ नका. नकार लेखी मिळाला, किंवा पोच घेऊनही उत्तर आले नाही, की तोच कागद घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे जा.