अठरा हजार पगार आणि मुंबई, रूमचे पैसे देण्याआधी हे वाच

बाळा,

काल तुझ्या आईचा फोन आला, लोअर परळला जॉब लागला, हातात अठरा हजार येणार, एक तारखेला हजर व्हायचंय, आणि लगेच पुढचं वाक्य की दिवा स्टेशनजवळ कोणाच्या तरी ओळखीने स्वस्तात खोली मिळतेय तर टोकन देऊन टाकू का. म्हटलं ताई थांब, आधी मी त्याला लिहिते, मग काय ते ठरवा.

मी २००५ ला आले तेव्हा मीपण फक्त भाडंच बघितलं होतं. ऑफिस फोर्टला आणि खोली बदलापूरला, आम्ही चौघी. भाडं खरंच कमी होतं पण पाचला उठायचं, रात्री साडेनऊला दारात, त्यात नळाला पाणी फक्त पहाटे, मग स्वयंपाकाची ताकदच नसायची, स्टेशनबाहेर वडापाव नाहीतर प्लेटभर चायनीज खाऊन झोपायचं. आठ महिन्यांत हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं की चक्कर येऊन दादरच्या पुलावर बसले, आणि नंतर पंधरा दिवस बिनपगारी घरी. भाड्यात वाचवलेलं सगळं तिथे गेलं, वर आईकडून पैसे मागवावे लागले ते वेगळंच. तेव्हापासून मी भाडं वेगळं मोजतच नाही. भाडं, पास, बाहेरचं खाणं आणि झोपेचे तास, हे सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहायचं आणि मग कुठली खोली स्वस्त ते बघायचं.

तुझं म्हणशील तर डोंबिवली-ठाकुर्लीला तिघाचौघांत शेअरिंग बघ, नाहीतर परळ-लालबागच्या चाळीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नाही, फक्त झोपायची जागा भाड्याने, मिळतेय का ते बघ. हे काही नवीन नाही, गिरणीच्या काळात कोकणातली, घाटावरची माणसं त्याच गिरणगावात गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायची, एकेका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, आपली एक ट्रंक आणि जेवायला खानावळ. कॉटवर प्रायव्हसी शून्य, पण ऑफिसला चालत जाशील आणि रोजचे तीन तास वाचतील. पहिल्या वर्षाला मी तरी तेच करेन.

डोंबिवलीच ठरलं तर तुला करी रोडला उतरायचंय, तिथून ऑफिस चालत. पण करी रोडला फास्ट थांबत नाही, दादरला उतरून स्लो पकडावी लागते. पास पहिल्या दिवशीच काढ. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण १५ सिंगल तिकिटांच्या पैशात येतो आणि तीन महिन्यांचा काढलास तर तीनपट नाही, २.७ पट पैसे पडतात. विदाउट तिकीट सापडलास तर २५० रुपये दंड आणि वर भाडं, म्हणजे दोन-तीन दिवसांचं जेवण गेलं. आणि हे हात जोडून सांगते, दारात लटकायचं नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं पडून गेली ना, ती अशीच रोजच्या गाडीतली माणसं होती. एक गाडी सोड, लेट मार्क लागू दे.

खोली दुपारी निवांत बघू नकोस. संध्याकाळी गर्दीच्या वेळेला ऑफिसच्या बाजूने ट्रेनने जाऊन बघ, म्हणजे रोज काय होणार ते कळेल. शेजारणीला विचार पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, लागला तर पैसे कोण देतं. लाइट बिल मीटरप्रमाणे की मालक सांगेल त्या रेटने, आधीच्या बिलाचा फोटो माग. डिपॉझिट कॅश देऊ नकोस, ऑनलाइन टाक. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायलाच पाहिजे, १९९९ च्या भाडे कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे, आणि त्यात तुझं नाव आहे ना ते बघ. माझं नाव नव्हतं, डिपॉझिट बुडालं.

पोटाला मारू नकोस. खालच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आण, वरणभात खोलीवर कुकरला लाव, अंडी उकड. रोज रात्री बाहेर जेवणं आणि हे, यात महिन्याकाठी एवढा फरक पडतो की तुझं तुलाच पटेल. गॅस कनेक्शन नसलं तरी ५ किलोचा छोटू सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. आणि गावच्या रेशन कार्डावर तुझं नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल तर तुझ्या वाटचं धान्य इथल्या दुकानातपण अंगठा लावून घेता येतं. लाज कसली त्यात, हक्काचं आहे.

पगाराची स्लिप माग आणि नीट वाच. २१ हजारांपर्यंत पगार असला की ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होतं, तुझे कापणार पाऊण टक्का, म्हणजे अठरा हजारांवर १३५ रुपये, कंपनीने भरायचे सव्वातीन टक्के. त्यात उपचार तर होतातच, पण नियमात बसलास तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारपण मिळतो. मला हे कोणी सांगितलंच नाही म्हणून ते पंधरा दिवस बिनपगारी गेले. पैसे कापतायत पण विम्याचा नंबर दिला नाही असं झालं तर गप्प बसू नकोस. तोपर्यंत काही झालं तर केईएम तुझ्या ऑफिसपासून जवळ आहे, अंगावर काढू नकोस. बँकेत २० रुपयांचा वर्षाचा अपघात विमा मिळतो, दोन लाखांचा, तो खातं उघडतानाच घे.

आता सगळ्यात अवघड. घरी पगाराचा आकडा खरा सांग. माझ्या रूमवरची एक मुलगी घरी जास्त पगार सांगायची, मग त्या हिशोबाने पैसे पाठवावे लागायचे, मग उसने, मग एकाचे फेडायला दुसऱ्याकडून. तेव्हा निदान माणसांकडून घ्यायचे, आता मोबाइलवर पाच मिनिटांत लोन मिळतं आणि हप्ता चुकला की तुझ्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोन जातात. असलं ॲप डाउनलोडच करू नकोस, आणि महागड्या फोनचा ईएमआयपण नको. कमी पडले तर मला सांग, ओरडणार नाही. पहिले तीन महिने घरी काही पाठवू नकोस, तुझ्या आईशी मी बोललेय, तिला चालेल. मग पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला पैसे टाकायची ठेव, उघड, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते.

दिव्याला टोकन देऊ नका असं आईला सांगून ठेव. शनिवारी ये, रविवारी आपण दोघं लालबाग आणि डोंबिवली दोन्हीकडे खोल्या बघू, मालकाशी मी बोलते. माझ्याकडे तीन लिटरचा कुकर नुसता पडून आहे, शिट्टी नवीन बसवलीय, तो घेऊन जा.

मावशी