गाणे ऐकणे आणि गायकाची बाजू घेणे

प्रश्न : आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी एकाच गायकाचे जुने चाहते आहोत. काही महिन्यांपूर्वी दोन स्त्रियांनी त्याच्यावर अत्याचाराचे आरोप केले आणि प्रकरण आता न्यायालयात आहे. आमच्यातले काही जण म्हणतात की कला वेगळी आणि कलाकार वेगळा. एका मैत्रिणीने मात्र त्याची सगळी गाणी फोनमधून काढून टाकली असून आम्हीही तसेच करावे, असा तिचा आग्रह आहे. मी ती गाणी अजून ऐकतो, पण चोरून. माझे चुकते आहे का?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘चोरून’ हा शब्द मला सर्वांत प्रामाणिक वाटला. ज्याला कला आणि कलाकार खरोखरच वेगळे करता आले आहेत, त्याला चोरून ऐकावे लागत नाही. आणि ज्याने गाणे मनातून पार पुसून टाकले आहे, त्याला चोरून ऐकण्याची इच्छाही होत नाही. बहुतेक चाहते या दोहोंच्या मधे कुठेतरी असतात.

कला आणि कलाकार वेगळे करावेत का, हा प्रश्न आपण एकच असल्यासारखा विचारतो आणि तिथेच वाद अडतो. घरात एकट्याने गाणे ऐकणे, तिकीट काढून मैफलीला जाणे, त्या गायकाला सन्मान मिळावा म्हणून हिरिरीने बोलणे आणि तक्रार करणाऱ्या स्त्रीला खोटे ठरवणे, या चार अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली तुमची खाजगी बाब आहे आणि तिच्यासाठी मैत्रिणीकडे खुलासा देण्याची गरज नाही. दुसरी आणि तिसरी तुम्ही खटला संपेपर्यंत थांबवलीत, तर कोणाचेही नुकसान होत नाही. चौथीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचे आहे, कारण माझ्या मते चाहत्यांच्या हातून खरे नुकसान होते ते तिथे.

आर. केली या अमेरिकी गायकाचे उदाहरण घ्या. १९९४ मध्ये त्याने आलिया या अवघ्या पंधरा वर्षांच्या गायिकेशी गुपचूप लग्न केले आणि ते पुढे रद्द झाले. त्यानंतर त्याच्यावर मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप येत राहिले. २००८ मध्ये शिकागोच्या एका खटल्यात तो निर्दोष सुटला. या काळात त्याची गाणी गाजतच होती. एक गाणे तर शाळांच्या समारंभांत आणि प्रार्थनास्थळांत गायले जाई. २०१७ मध्ये अटलांटातल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्याच्या गाण्यांवर आणि कार्यक्रमांवर बहिष्काराची मोहीम सुरू केली. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात तो दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. त्या लग्नापासून या निकालापर्यंत सत्तावीस वर्षे गेली. त्यांतला प्रत्येक दिवस चाहत्यांमुळे लांबला, असे मी म्हणणार नाही. पण ‘इतके सुंदर गाणारा माणूस असे करूच शकत नाही’ हे वाक्य त्या वर्षांत ज्या मुलींच्या कानावर पडले असेल, त्यांच्यासाठी ते गाणे म्हणजे तोंड उघडू न देणारा हात होता.

गाण्याचे सौंदर्य हा चारित्र्याचा पुरावा नाही. ते आरोपीच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाही, तसे विरुद्धही देऊ शकत नाही. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे मलाही मान्य आहे आणि तुमच्या मैत्रिणीनेही ते लक्षात ठेवावे. परंतु निकाल लागेपर्यंत गप्प राहण्याइतका संयम चाहत्याला दाखवता येतो. तुम्ही गाणी ऐकता म्हणून मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. त्या दोन स्त्रियांविषयी गटात कोणी वेडेवाकडे बोलले तेव्हा तुम्ही काय केलेत, हे पत्रात नाही. मला ते अधिक महत्त्वाचे वाटते.

ऐकण्याबद्दल एक स्वानुभव सांगते. शिक्षा झालेल्या एका गायकाचे एक गाणे मला अतिशय प्रिय होते. त्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी तो श्वास घेतो आणि हेडफोन लावले की तो श्वास अगदी कानाशी आल्यासारखा ऐकू येतो. पूर्वी मी त्या क्षणाची वाट पाहत असे. खटल्यात काय काय समोर आले ते वाचल्यानंतर काही आठवड्यांनी मी ते गाणे लावले, आणि तो श्वास येताच माझा हात आपोआप बटणाकडे गेला. मी काही ठरवले नव्हते. त्याच गायकाचे दुसरे एक गाणे, ज्यात तो कोणाला उद्देशून गात नाही, ते मी आजही ऐकू शकते. तेव्हा सरसकट नियम करू नका; कोणते गाणे राहते आणि कोणते जाते, ते तुमच्या कानाला ठरवू द्या. मैत्रिणीलाही तिच्या कानाचे ऐकू द्या.

प्रश्न : कलाकार हयात नसेल तर हा सगळा वाद गैरलागू ठरत नाही का? शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या संगीतकाराच्या वागण्याचा हिशेब आज कशाला?
— एक वाचिका

उत्तर : काही वेळा ठरतो. कार्लो जेझुआल्दो या इटालियन संगीतकाराने १५९० मध्ये आपली पत्नी आणि तिचा प्रियकर यांची हत्या घडवून आणली. त्याच्या रचना आज जगभर गायल्या जातात आणि त्यामुळे कोणाच्या जखमेवरची खपली निघत नाही.

रिचर्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराचे तसे नाही. त्याने १८५० मध्ये ज्यूंच्या संगीताविषयी अत्यंत विखारी निबंध टोपणनावाने छापला आणि १८६९ मध्ये तोच स्वतःच्या नावाने पुन्हा प्रसिद्ध केला. १८८३ मध्ये तो वारला, पण पुढे नाझींनी त्याचे संगीत डोक्यावर घेतले. १९३८ मधल्या जर्मनीतल्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर पॅलेस्टाइनमधल्या ज्यू वाद्यवृंदाने त्याच्या रचना वाजवणे थांबवले आणि तो अलिखित संकेत इस्रायलमध्ये पुढेही पाळला गेला. २००१ मध्ये जेरुसलेमच्या एका मैफलीत ठरलेला कार्यक्रम संपल्यावर वाद्यवृंदाचे संचालक डॅनियल बॅरनबॉइम यांनी श्रोत्यांना विचारले की वाग्नर वाजवू का. ज्यांना नको असेल त्यांनी निघून जावे. सभागृहात सुमारे अर्धा तास वाद झाला, काही जण दारे आपटून बाहेर पडले, आणि मग उरलेल्यांसाठी वादन झाले.

त्या अर्ध्या तासाचे मोल मला फार वाटते, कारण वाजवणाऱ्याने आधी विचारले. तरीही बाहेर पडलेल्यांना असहिष्णू म्हणायला माझी जीभ धजणार नाही. माणूस मेला म्हणून प्रश्न मरत नाही; ज्यांना त्याची झळ बसली ते किंवा त्यांची मुले अजून सभागृहात बसलेली असतात. म्हणून किती वर्षे झाली हे मोजण्यापेक्षा, समोर कोण बसले आहे ते पाहावे.

प्रश्न : मी गाणे ऐकले तर पैसे खरोखर त्या माणसाला जातात का? आणि त्याच्या बँडमधल्या इतरांचा काय दोष?
— एक वाचक

उत्तर : एका गाण्यावर साधारणपणे दोन हक्क असतात : शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. स्ट्रीमिंगमधून येणारी रक्कम या दोन्ही हक्कांच्या मालकांकडे जाते आणि गायकाला त्यातले किती मिळायचे, ते त्याच्या करारावर अवलंबून असते. हक्क विकलेलेही असू शकतात. २०१९ च्या ‘जोकर’ या चित्रपटात बालअत्याचारासाठी तुरुंगात असलेल्या गॅरी ग्लिटर या ब्रिटिश गायकाचे जुने गाणे वापरले गेले तेव्हा संताप उसळला; पण त्याला त्यातून काही मिळत नाही, असे हक्कधारक कंपन्यांनी सांगितले. जुनी वापरलेली सीडी विकत घेतली तर गायकाला त्यातून काहीच जात नाही.

इतर वादकांविषयीची तुमची हळहळ अगदी योग्य आहे. वेल्समधल्या लॉस्टप्रॉफेट्स या बँडचा गायक इयन वॉटकिन्स याला २०१३ मध्ये लहान मुलांवरील अत्याचारांसाठी एकोणतीस वर्षांची कैद झाली आणि इतरांनी मिळून घडवलेले संगीतही त्याच्याबरोबर बुडाले. त्या वादकांनी पुढच्याच वर्षी दुसऱ्या गायकाला घेऊन ‘नो डिव्होशन’ नावाचा नवा बँड काढला. त्यांच्यासाठी काही करावेसे वाटत असेल, तर तो ऐका.

वर उल्लेख केलेल्या आर. केलीच्या बाबतीत २०२३ मध्ये न्यायालयाने एका संगीत कंपनीकडे साठलेली त्याची रॉयल्टी पीडितांची भरपाई आणि दंड यांसाठी वळती करण्याचा आदेश दिला. तेव्हा पैसा कुठे जातो, हे प्रत्येक प्रकरणात वेगळे तपासावे लागेल.