चाइल्ड प्लॅनचं नंतर, आधी तो क्रिब मोडा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आहे: "नोव्हेंबरमध्ये बाळ येतंय. विमा एजंट असलेला मावसभाऊ भारतातला चाइल्ड प्लॅन घ्या म्हणतोय. वर्षाला 2 लाख रुपये, 10 वर्षं. विसाव्या वर्षी 45 लाख. घ्यावा का? काटकसर करतोच आहोत. 250 डॉलरचा नवा क्रिब (बाळाचा गजांचा पलंग) न घेता मित्राचा 2009 चा, बाजू खाली सरकणारा, 60 ला घेतला. दोन स्क्रू हरवले होते, ते दुकानातून आणून बसवले. आई मोहरीची उशी आणि गोधडी घेऊन येतेय."

तुम्ही न विचारलेलंच आधी सांगतो. 190 डॉलर वाचवण्याची ही जागा नाही.

बाजू खाली सरकणारे असे क्रिब बनवायला आणि विकायला अमेरिकेत 28 जून 2011 पासून बंदी आहे. 2000 पासूनच्या दशकात त्यांच्या सरकत्या बाजूमुळे किमान 32 बाळं दगावल्याची नोंद ग्राहक सुरक्षा आयोगाकडे आहे. होतं असं, की रोज वरखाली करून प्लॅस्टिकचे खटके झिजतात, तुटतात. बाजू एका कोपऱ्यात निसटते, गादीशेजारी फट पडते, बाळ त्यात सरकतं आणि मान अडकते. खोलून पुन्हा जोडलेल्या, बाहेरचे स्क्रू लावलेल्या क्रिबमध्ये ही भीती आणखी जास्त. तुमचा नेमका तसाच आहे. तो पुढे कोणाला देऊही नका. मोडून मगच टाका.

नवा घेताना लेबलवरची तारीख पाहा, ती 28 जून 2011 नंतरची हवी. दोन गजांमध्ये 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, गादी आणि कडेमध्ये दोन बोटांहून जास्त फट नको. सोबतचं नोंदणी कार्ड भरून पाठवा, म्हणजे पुढे माल परत मागवला तर तुम्हाला कळेल. आत फक्त घट्ट, सपाट गादी आणि तिला बसणारी चादर, बाळ पाठीवर. आजीची उशी आणि गोधडी मायेची आहे, पण क्रिबच्या बाहेर. कडेला बांधायच्या मऊ लोडांवर तर 2022 मध्ये कायद्यानेच बंदी आली.

आता प्लॅन. 20 लाखांचे 45 ऐकायला छान वाटतात. हिशेबात परतावा वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. 2005 मध्ये डॉलर 44 रुपयांच्या आसपास होता, 2025 मध्ये 85 च्या. रुपयाची घसरण अशीच राहिली आणि कमाई आणि मुलाचं शिक्षण डॉलरमध्ये असेल, तर तुमच्या हाती दोन टक्के. विमा बहुधा हप्त्याच्या दहापट, म्हणजे 20 लाख. तेवढ्यात घरचा सहा महिन्यांचा खर्चही निघणार नाही. याला बाळाचं भविष्य म्हणून विकणं मला पटत नाही. घेऊ नका. 5 लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म इन्शुरन्स घ्या. तरुण, निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाला महिना तीसेक डॉलर पडतो. उरलेलं 529 खात्यात, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीच्या अमेरिकेतल्या बचत खात्यात.

मित्राकडे 60 डॉलर मागू नका. क्रिब का मोडला ते मात्र सांगा. त्याच्या ओळखीत कोणाच्या बेसमेंटमध्ये असाच एखादा पडून असेल.